करार बंद दाराआड, बिल जनतेच्या माथी
(गुहागर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



गुहागरहून अंजनवेलकडे गेले की गोपाळगडाच्या परिसरात वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसू लागतात. प्रकल्पाची मालकी बदलली, दारावरची पाटी बदलली. ज्या अमेरिकन कंपनीने तो उभारला, ती डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तरीही तालुक्यातील माणूस त्या जागेला अजून ‘एन्रॉन’ असेच म्हणतो. लोकांच्या जिभेवर हे नाव टिकून राहिले, कारण त्या नावाचा हिशेब अद्याप पुरता झालेला नाही.

उद्योगांसंबंधीचे कायदे, नियम, अधिसूचना हा विषय वकिलांचा, हिशेबनिसांचा आणि कारखानदारांचा आहे, असा एक समज चळवळीतही रूढ आहे. मोर्चा निघतो तो भाववाढीवर. ज्या कलमामुळे भाव वाढला, ते कलम वाचण्याचे कष्ट फार थोडे घेतात. हा समज किती महागात पडतो, हे शिकण्यासाठी महाराष्ट्रात गुहागरइतकी योग्य शाळा दुसरी नाही.

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन झाली. वीज ही नफ्याची वस्तू नसून विकासाचे साधन आहे आणि ती सार्वजनिक क्षेत्राच्या हाती असावी, ही त्यामागची मूळ भूमिका होती. मंडळांच्या कारभारात गळती होती, उधळपट्टी होती, राजकीय हस्तक्षेप होता. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९९१ साली कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती रोगावर उपचार करणारी नव्हती. वीजनिर्मिती खाजगी भांडवलाला, शंभर टक्के परदेशी भांडवलालाही, खुली झाली. यंत्रे क्षमतेच्या ६८.५ टक्के चालली की गुंतवलेल्या भागभांडवलावर १६ टक्के परतावा, अशी नियमात सोय झाली. खर्चावर नफा बांधून देणाऱ्या अशा व्यवस्थेत काटकसर करणारा मूर्ख ठरतो. प्रकल्प जितका महाग, तितका नफा अधिक.

हे दार उघडताच जून १९९२ मध्ये एन्रॉन व जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांनी राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. निविदा मागविल्या गेल्या नाहीत. जागतिक बँक ही काही समाजवाद्यांची संस्था नव्हे; पण तिनेही १९९३ मध्ये, प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून कर्ज नाकारले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. प्रारंभी तो करार जनतेपासून गुप्त होता. ज्याचे पैसे द्यायचे त्यालाच दर ठाऊक नाही, असा हा अजब सौदा होता.

त्या कराराची मेख समजून घेतली पाहिजे. वीज घेतली वा न घेतली, तरी प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल मंडळाने स्थिर आकार द्यावयाचा होता. दर डॉलरशी बांधलेला होता. मंडळ थकले तर राज्य सरकारची हमी, राज्य थकले तर केंद्राची प्रतिहमी, आणि तंटा झाला तर लवाद लंडनमध्ये. म्हणजे इंधन महागले तर तोटा ग्राहकाचा, रुपया घसरला तर तोटा ग्राहकाचा, मागणी घटली तरी तोटा ग्राहकाचाच. धंद्यात जोखीम असते म्हणून नफा रास्त ठरतो, असे खाजगी भांडवलाचे समर्थक सांगतात. येथे जोखीम जनतेची आणि नफा कंपनीचा अशी वाटणी कायद्याच्या शिक्क्यानिशी झाली.

प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा करीत १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी केल्या आणि अखेर जो करार केला, त्याने पूर्वी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही मंडळाच्या गळ्यात बांधला. मे १९९६ मध्ये अवघे तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारलाही सुधारित प्रतिहमी मंजूर करण्यापुरता वेळ मिळाला. एका पक्षाने करार केला, दुसऱ्याने तो वाढविला. निवडणुकीतील विरोध आणि धोरणातील विरोध यांत किती अंतर असते, हे येथे दिसले.

मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. नाफ्त्याचे भाव चढले, रुपया घसरला. मंडळाने महाग वीज कमी उचलली, तेव्हा तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन दर आणखी वाढला. २००० साली काही काळ तो प्रतियुनिट सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने कराराचे आकडे मांडून हा धोका कित्येक वर्षे आधी दाखवून दिला होता. नंतर राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीच्या २००१ च्या अहवालानेही या व्यवहारावर कठोर टीका केली.

परंतु सर्वांत मोठी किंमत या तालुक्याने मोजली. अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागातील जमिनी सक्तीने संपादित झाल्या. दाभोळच्या खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांनी, गुरे चारणाऱ्यांनी, आंबा-काजूवर जगणाऱ्यांनी शांततेच्या मार्गाने विरोध केला. त्यांना जमावबंदी, प्रतिबंधक अटक आणि लाठी मिळाली. जून १९९७ मध्ये वेलदुरात पहाटे घरात शिरून स्त्रियांना मारहाण झाली. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने जानेवारी १९९९ च्या अहवालात या दडपशाहीची नोंद केली आणि बंदोबस्तावरील राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही दाखविले. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांसारख्या नेत्यांनी हा लढा महाराष्ट्रभर नेला. परंतु तो प्रथम उभा राहिला, तो या वाड्यांमधून. परदेशी गुंतवणुकीसाठी नियम सैल करणारे शासन गावकऱ्यांसाठी मात्र कायद्याचा काटेकोर अंमल करीत होते, हे विसरता येणार नाही.

न्यायालयाचे दारही ठोठावले गेले. ‘सिटू’ व अभय मेहता यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली. राज्य शासनाच्या जबाबदारीपुरता प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९९७ पासून प्रलंबित राहिला आणि एप्रिल २०१९ मध्ये, फार काळ लोटला म्हणून, तो बंद झाला. बावीस वर्षांत एक पिढी वाढते. येथे एक प्रश्न म्हातारा होऊन मेला.

प्रकल्पाचे पुढे काय झाले? जुलै २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसी व गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन झाली. ज्या सार्वजनिक क्षेत्राला अकार्यक्षम म्हणून बाजूला सारले, त्यालाच खाजगी क्षेत्राचे मढे खांद्यावर घ्यावे लागले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू आटल्यावर २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थंडावला. २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग पुन्हा चालू झाला.

या अनुभवातून कायद्यात काही सुधारणाही झाल्या, आणि त्या नाकारणे हा करंटेपणा ठरेल. १९९८ च्या कायद्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करणे, हरकती मागविणे, सुनावणी घेणे आणि कारणांसह निर्णय देणे बंधनकारक झाले. २००३ च्या वीज कायद्याने कंपन्यांच्या वीजखरेदीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही राज्य आयोगाला दिला. पूर्वी मंत्रालयातील चार माणसांत ठरणारी गोष्ट आता सामान्य ग्राहक निदान तपासू शकतो. परंतु आयोग म्हणजे समाजवाद नव्हे. शेकडो पानांचे इंग्रजी कागद आणि कंपनीचे पगारी तज्ज्ञ यांच्यापुढे वेलदूरचा कोळी एकटा उभा राहू शकत नाही. संघटना पाठीशी नसेल, तर सुनावणी हा उपचार ठरतो.

हीच कसोटी इतर उद्योगांनाही लावली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता ३०० वर गेले. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर गेली. कोकणातील किती काजू कारखाने आणि मासळीवर प्रक्रिया करणारे किती उद्योग या मर्यादांच्या वर आहेत? कायदा राहिला, पण त्याच्या छत्राखालचा कामगार बाहेर गेला. उलट समुद्रात पाहावे: पारंपरिक मच्छीमाराच्या रक्षणासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये त्यातील दंडही वाढले, तरी प्रखर दिव्यांच्या झोतात मासेमारी करणाऱ्या बड्या नौकांविरुद्धची तक्रार थांबत नाही. एका ठिकाणी नियम सैल केला जातो, दुसऱ्या ठिकाणी चांगला नियम राबविला जात नाही. फायदा दोन्हीकडे थोरामोठ्यांचाच.

म्हणून ‘नियम हटवा’ या घोषणेला ‘नियम वाढवा’ हे उत्तर पुरेसे नाही. नियम कोणी केला, कोणासमोर केला आणि तो कोणाच्या बाजूने राबतो, हा खरा प्रश्न आहे. यापुढे या किनाऱ्यावर कोणताही प्रकल्प येवो, कार्यकर्त्याने पाच गोष्टी विचाराव्यात. करार जनतेला मराठीत वाचायला मिळतो काय? जोखीम कोणाच्या माथी आहे? वस्तूची गरज उरली नाही तरी पैसे द्यावे लागतात काय? तंटा कोठे आणि कोणत्या कायद्याखाली चालणार? आणि ग्रामसभेने नाही म्हटले, तर त्या नकाराला काही किंमत आहे काय?

या पाचांची उत्तरे मिळेपर्यंत स्वागताच्या कमानी उभारू नयेत. गुहागरने हे प्रश्न लाठ्या खाऊन शिकले आहेत. ते इतर तालुक्यांना लाठ्या न खाता शिकता यावेत, एवढे काम चळवळीने केले तरी वेलदूरच्या त्या पहाटेचे थोडे ऋण फिटेल.