विहारयात्रा आणि धर्मयात्रा



संशोधक-प्रवाशांची मंडळे कशासाठी निघाली, हा आमचा आजचा विषय. माणिकपुरात तो कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर आपल्या शेजारीच आहे.

लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० सालची. पुढच्याच वर्षी मुंबईत तशी सभा निघाली. तिच्या वृत्तांतांत आरमारी अधिकारी तांबड्या समुद्राची, अरबस्तानच्या किनाऱ्याची वर्णने लिहीत. गलबते खडकावर आपटू नयेत, व्यापार वाढावा, राज्य टिकावे, हा हेतू उघड होता. ज्ञान वाढले खरे. पण ते सत्तेच्या शिडात वारा भरणारे होते. १८७३ साली ही सभा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत विलीन झाली.

या सोसायटीच्या कार्याशी पंडित भगवानलाल इंद्रजींचे नाव कायमचे जोडलेले आहे. जुनागडचे पंडितजी डॉ. भाऊ दाजींसाठी शिलालेख उतरवीत देशभर हिंडले. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी आपल्या सोपाऱ्यातील 'बुरूड राजाचा कोट' खणला. लोक ज्याला कोट म्हणत, तो बौद्ध स्तूप निघाला! दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या आत काय, तर मातीच्या भिक्षापात्राची खापरे! आपल्या पूर्वजांना सोन्याहून मोलाचे काय वाटे, ते यावरून कळते.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही सापडला. ती आज्ञा प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेला निघत. आपण धर्मयात्रेला निघालो, वृद्धांना भेटलो, जनपदातील लोकांना भेटलो, असे अशोक सांगतो. मंडळांचा हेतू याहून नेमका कोणी सांगितला आहे? जिंकण्यासाठी हिंडणे निराळे, आणि समजून घेण्यासाठी हिंडणे निराळे.

नववी आज्ञा १९५६ साली भुईगावला सापडली. म्हणजे भूमी अजून बोलते आहे. मात्र आज आपल्याकडे इमारतींचे पाये झपाट्याने खणले जात आहेत. कुदळ पडण्यापूर्वी तेथे कोणी डोळसपणे पाहिले नाही, तर पुढची आज्ञा भरावात जाईल. शोधयात्रेला लंडनचे तिकीट लागत नाही. या रविवारी मुलांना घेऊन सोपाऱ्याला जा, एवढेच आमचे मागणे आहे.