पेशींचे मरण आणि देहाचे जीवन
(जत येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु घरात एक प्रसंग ओढवला आणि उतारवयात आम्हांस पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. जे समजले ते आपणांपुढे ठेवीत आहो.

कडुनिंबाची पाने झडली म्हणून झाड मेले असे आपण म्हणत नाही. जुने पान गळते म्हणूनच नव्या पालवीस जागा होते. देहाचेही तसेच आहे. पेशींच्या अशा नियोजित मरणास १९७२ साली कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी जे ग्रीक नाव दिले, त्याचा मूळ अर्थ पाने गळून पडणे असाच आहे. गर्भातील बाळाच्या बोटांमधील पडदा याच रीतीने नाहीसा होतो आणि बोटे सुटी होतात.

हे मरण घडते कसे? पेशीतील 'बॅक्स' आणि 'बॅक' ही प्रथिने मरणाचे दार उघडणारी, तर 'बीसीएल-२' हे त्यांस आवरून धरणारा पहारेकरी. पेशीच्या डीएनएस भरून न येणारी इजा झाली की 'पी-५३' या प्रथिनाच्या प्रेरणेने 'प्यूमा' नावाचे प्रथिन निर्माण होते आणि ते बीसीएल-२ च्या खाचेत जाऊन बसते. पहारेकऱ्याचे हात गुंतले! मग बॅक्स आणि बॅक ही प्रथिने, पेशीस ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकेच्या बाह्य आवरणास छिद्रे पाडतात. त्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते. त्याच्याशी जुळून 'अपाफ-१' या प्रथिनाच्या सात रेणूंचे एक चक्र बनते, आणि ते 'कॅस्पेज' नावाच्या कातऱ्या चालू करते. पेशी आक्रसते, तिचे लहान तुकडे होतात आणि भोवतालच्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना पू.

परंतु बीसीएल-२ वाजवीपेक्षा फाजील झाले, तर पेशी मरावयाचेच विसरते. लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत नेमके हेच घडते.

आमच्या वडील बंधूंच्या मानेत अशीच गाठ आली. कोणी पूर्वसंचित म्हटले, कोणी करणी. पुतणीचे लग्न मोडेल या भयाने घरात ती गोष्ट लपविण्यात आली, आणि लपविणाऱ्यांत आम्हीही होतो. सात महिने लेप लावण्यात गेले. अखेरीस मिरजेस नेले, तेव्हा फार उशीर झाला होता. बंधू गेले.

आज आम्हांस कळते की, त्यात कोणाचे पाप नव्हते. एका पहारेकऱ्याची पकड तेवढी सुटत नव्हती. ही पकड सोडविण्याची विद्याही मनुष्याने साधली आहे. रक्ताच्या एका कर्करोगावर अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ च्या त्याच खाचेत बसते आणि पेशीस तिच्या मरणाची वाट मोकळी करून देते. प्रत्येक रोग्यास ते लागू पडते असे नव्हे. परंतु कोणास काय लागू पडेल हे तपासणीवाचून कळावयाचे कसे?

म्हणून ज्ञातिबांधवांनो, न ओसरणारी गाठ दिसताच डॉक्टरांस दाखवा. कर्करोग स्पर्शाने लागत नाही. त्यापायी कोणाची सोयरीक मोडू नका, आणि सोयरिकीपायी कोणाचा रोग झाकू नका. आमच्या हातून जे घडले ते आपल्या घरी न घडो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.