काळजीच्या आजारावर गोळीही हवी, रोजची सवयही हवी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सखीने केलेलं भाषण)



आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. बैठकीत आपण रक्त कमी असण्यावर बोलतो, बाळाच्या लसीवर बोलतो. मनाच्या आजाराचं नाव मात्र कुणी काढत नाही. आज त्यावरच बोलू या.

पाऊस लांबला, हप्ता जवळ आला, पोरीचं लग्न जमेना, तर काळजी कुणाला वाटत नाही? कारण सरलं की ती सरते. पण एखादीला कारण नसतानाही छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप लागत नाही, काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटतं. महिनोन् महिने असंच चाललं, काम सुचेना झालं, तर तो आजार समजायचा. ती बाई मनाने कच्ची नाही आणि तिला बाहेरचंही काही लागलेलं नाही. थायरॉईडने किंवा रक्त कमी असल्यानेही धडधड होते, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

इलाजाबद्दल गावात दोन मतं ऐकू येतात. एकजण म्हणते, "गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा योगा कर." दुसरी म्हणते, "गोळी चालू आहे ना, मग बाकी कशाला?" दोघींचं अर्धंच खरं आहे.

या आजारावर डॉक्टर बहुतेक वेळा जी रोजची गोळी देतात, तिची चटक लागत नाही. पण तिचा गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. इथेच आपली बाई गोळी सोडते. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलून देतील. झोपेची, लगेच शांत करणारी गोळी वेगळी. तिची सवय लागू शकते, म्हणून ती थोड्याच दिवसांसाठी असते. जुनी चिठ्ठी दाखवून ती मेडिकलमधून आणत राहू नका. जावेची गोळी आपण घेऊ नका.

बरं वाटायला लागलं तरी रोजची गोळी साधारण 6 महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते. एकदम बंद केली तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटू शकतो. कर्ज आपण हप्त्याहप्त्याने फेडतो, तशीच डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतात. दिवस राहिले तरी मनाने बंद करायची नाही, लगेच डॉक्टरांना विचारायचं. झाडपाल्याचं औषध चालू असेल तर तेही त्यांना सांगायचं.

मग श्वास, चालणं यांचं काय? ती आपली रोजची बचत आहे. थोडी थोडी साठते आणि अडीअडचणीला कामी येते. पोटाने श्वास घ्या. मनात 4 मोजेपर्यंत आत, 6 मोजेपर्यंत बाहेर. असं 5 मिनिटं, रोज. बरं असताना सराव केला तरच जीव घाबरा होईल तेव्हा ते जमतं. शेतात राबणं वेगळं आणि मोकळेपणी अर्धा तास चालणं वेगळं. मैत्रिणीला सोबत घेऊन चाला. संध्याकाळनंतरचा चहा सोडा. झोपायची वेळ ठरवा. त्रास हलका असेल तर एवढ्याने आणि समुपदेशनानेही फरक पडतो. जास्त असेल तर गोळीने आधी जीव थाऱ्यावर येतो, मग या सवयी जमायला लागतात.

आता गटाने काय करायचं? कुणी गोळी घेत असेल तर तिला नावं ठेवू नका. तारखेला दवाखान्यात तिच्यासोबत जा. तिचं बोलणं बैठकीबाहेर नेऊ नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि एखादी म्हणाली, "आता जगावंसं वाटत नाही," तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.

येत्या बैठकीत हजेरी झाली की एकमेकींना एवढंच विचारा, "झोप लागते का गं?" तिथून बोलणं सुरू होईल.