परतीची वेळ आधी ठरवा

शिबिरातल्या मुलांची पहिली सहल लोहगडासारख्या सोप्या गडावर न्यावी. मळवली स्टेशनावर उतरायचं, भाजे गावावरून गायमुख खिंड गाठायची, पुढे लोहगडवाडी आणि मग पायऱ्या. पण वर कधी पोचणार, याआधी खाली कधी वळणार ते ठरवा. दुपारी एक म्हणजे एक. विंचूकाटा बघायचा राहिला तरी चालेल. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दमलेले पाय उतारावरच घसरतात. सगळ्यांत हळू चालणाऱ्या मुलाला पुढे ठेवा, शेवटी एक जाणता माणूस. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, टोपी, शिट्टी हवीच. गड कुठे पळून जात नाही. मूल हसत घरी आलं, तर पुन्हा गडावर जाईल.