ताई ची आणि ची गाँग : तोल सावरण्याची विद्या



उतारवयात आजारापेक्षाही पडण्याची धास्ती मोठी असते. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत हिंडती-फिरती असलेली व्यक्ती अंथरुणाला खिळते. न पडताही मनात बसलेली भीती तितकीच घातक असते. भीतीपोटी चालणे कमी होते, त्यामुळे पायांतील बळ जाते आणि पडण्याचा संभव आणखी वाढतो. ही साखळी तोडण्यास उपयुक्त ठरलेल्या दोन चिनी अभ्यासपद्धतींविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम नावांविषयी. ‘ची गाँग’मधील ‘ची’ म्हणजे श्वास किंवा प्राणशक्ती. ‘ताई ची’मधील ‘ची’ हा सर्वस्वी निराळा शब्द असून त्याचा अर्थ परम टोक असा आहे. आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा खुलासा!

चीनमध्ये व्यायामाची ही परंपरा फार जुनी आहे. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे इसवी सनपूर्व 168 मधील एका कबरीत सापडलेल्या रेशमी पटावर व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या 44 आकृती आहेत. ताई ची मात्र मुळात युद्धकला. हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावात ती वाढली आणि एकोणिसाव्या शतकात यांग लूचान यांनी ती बीजिंगला नेली. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने 24 हालचालींचा सोपा क्रम सिद्ध केला. पाच-सहा मिनिटांत पूर्ण होणारा हा क्रम आज तेथील उद्यानांत सर्रास दिसतो.

या संथ हालचालींचे मर्म पावलांत आहे. गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ. शरीराचा सारा भार एका पायावर स्थिरावल्यावाचून दुसरा पाय उचलायचाच नाही. एक पाय ‘भरलेला’, दुसरा ‘रिकामा’, असे तेथील गुरू सांगतात. म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्षणी. ताई चीत नेमका तोच क्षण लांबवून पुन्हा पुन्हा घटवला जातो. शिवाय जमिनीवर मांडी घालावी लागत नाही, ही गुडघेदुखी असलेल्यांना केवढी सोय!

याला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंपवाताचे 195 रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, असा 24 आठवडे ताई चीचा सराव करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. 2018 च्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका असलेल्या 670 व्यक्ती होत्या. निव्वळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई ची करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी आढळले.

मात्र ‘ची’च्या बळावर हातांतून शक्ती सोडून दुर्धर रोग बरे करण्याचे दावे चीनमध्येही, विशेषतः 1980 नंतर, पुष्कळ झाले. त्यांवर विश्वास ठेवून कोणी औषधे बंद करू नयेत. ची गाँग करावयाचे तर ‘बा दुआन जिन’ हा आठ हालचालींचा साधा क्रम पुरे आहे.

आरंभ करताना बाजूला भक्कम खुर्ची किंवा भिंत असावी. चक्कर येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिले काही दिवस एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश भार नेणे, एवढेच करावे. हातांच्या हालचाली मागाहून शिकता येतात.