पाचशे रुपये, चार गाणी आणि एक संबळ

आजचा एपिसोड छोटा आहे आणि विषय आहे पैसा.

पुण्यात माझ्या मित्रांचा एक फोक-रॉक बँड आहे. गोंधळ-भारुडाचा बाज, त्याला इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्स. चौघं नोकरी करतात. पाचवे आमचे संबळवाले दादा, गोंधळी घरातले, त्यांचं पोट जागरण-गोंधळावरच चालतं. बँडला चार नवी गाणी रेकॉर्ड करायचीत आणि त्यासाठी अडीच लाख हवेत. मला सूर लागत नाही, पण कोड लिहितो, म्हणून हिशोबाची एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडली.

सगळे एकच विचारतात, "आजकाल लॅपटॉपवर घरीच गाणं होतं की! अडीच लाख कशाला?"

अर्धं खरंय. गिटार, बेस थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून बेडरूममध्ये होतात. भिंतीला गोधड्या लावून आवाजही होतो. पण संबळ? एकाला एक बांधलेले दोन वाद्यभाग, एक उंच स्वराचा, एक खर्जाचा. दोघांना वेगळे माइक हवेत, शिवाय खोलीचा घुमारा पकडायला आणखी एक. फ्लॅटमध्ये केलं तर शेजारच्यांचा मिक्सरही गाण्यात येतो! म्हणजे स्टुडिओ आला, इंजिनिअर आला, मग मिक्सिंग, मास्टरिंग. आणि दादा तीन दिवस आले, तर त्यांच्या तीन दिवसांच्या सुपाऱ्या बुडतात. ते पैसे द्यायलाच हवेत ना?

स्वस्त उपाय आहे. संबळाचं तयार सॅम्पल टाकायचं, दादांना सुट्टी. पण गाणारा श्वास घ्यायला थांबला की दादा हात रोखतात. सॅम्पल कुणासाठी थांबत नाही. ज्यांच्या वाद्यावर बँड उभा आहे, बजेट कमी पडलं की सगळ्यात आधी तेच बाहेर, हे मला पटत नाही.

मग पैसे आणायचे कुठून? स्ट्रीमिंगमधून? २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत गाण्याला किमान १,००० स्ट्रीम नसतील, तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. कंपनीकडून घ्यायचे, तर त्या बहुतेक वेळा मास्टर मागतात. म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी त्यांची. गाणं तुमचं, पण वापरायला परवानगी दुसऱ्याची.

उरतो तिसरा रस्ता, ऐकणारे. हे काही नवं खूळ नाही. १९७६ चा श्याम बेनेगलांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. इंग्लंडच्या मॅरिलियन बँडने २००१ चा अल्बम रेकॉर्ड होण्याआधीच विकला, १२ हजारांहून जास्त चाहत्यांनी आगाऊ पैसे भरले.

आमचं गणित त्याहून लहान आहे. ५०० जण, प्रत्येकी ५०० रुपये. झाले अडीच लाख.

पण मंडळी, कुठल्याही बँडला पैसे देताना चार प्रश्न विचारा. खर्चाची फोड कुठाय? गाणी कधी येणार? रक्कम जमली नाही तर माझे पैसे परत मिळणार का? मास्टर कुणाकडे राहणार? सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर देऊ नका, अगदी माझे मित्र असले तरी.

आमच्या शीटवर चारही उत्तरं आहेत. आणि पहिल्या ओळीत दादांचं मानधन आहे, कापायचं झालं तर खालून कापायचं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!