संगणकाचें दार आणि त्याची किल्ली

घराला कुलूप लावून बाहेर पडलेला मनुष्य दोन पावलें जातो, परत फिरतो आणि कुलूप ओढून पाहतो. मग खिसा चांचपून किल्ली जागेवर आहे याची तो खात्री करून घेतो. या दोन लहानशा कृतींत सुरक्षिततेचें सारें शास्त्र सांठलेलें आहे. दार दुसऱ्याला उघडतां येऊं नये, आणि स्वतःला मात्र उघडतां यावें. यांतील कोणतीही एक गोष्ट साधणें सोपें. दोन्ही एकाच वेळीं साधणें कठीण. संगणकाच्या दाराची गोष्ट याहून निराळी नाहीं. बोटाच्या पेराएवढी एक किल्ली संगणकाला लावून त्याचें दार उघडण्याची सोय आतां झाली आहे. ती किल्ली कसें काम करते, ती कशी बसवावी आणि बसवितांना लोक कोठें चुकतात, हा या भाषणाचा विषय आहे.

संगणकाच्या दाराशीं परवलीचा शब्द विचारण्याची चाल अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पडली. एकच यंत्र अनेकांनीं वांटून वापरण्याची पद्धति १९६१ सालीं फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें सिद्ध केली. प्रत्येकाचें दप्तर दुसऱ्यापासून अलग राहावें म्हणून परवलीचा शब्द आला. परंतु १९६२ सालींच ॲलन शेर या तेथील संशोधकानें यंत्रावर स्वतःस अधिक वेळ मिळावा एवढ्यासाठीं शब्दांची सबंध यादी छापून घेतली. पुढें १९६६ सालीं एका गफलतीमुळें तीच यादी, दिवसाची सूचना म्हणून, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढें झळकली. १९७९ सालीं रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनीं ३,२८९ परवलीच्या शब्दांची परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांतील शेंकडा ८६ शब्द अति आंखूड किंवा कोशांत सहज सांपडणारे असे निघाले.

परवलीच्या शब्दाचा खरा दोष याहून खोल, त्याच्या जातींतच आहे. तो सांगणाराला आणि विचारणाराला, दोघांनाही उमगावा लागतो. विचारणारा तोतया निघाला तर शब्द त्याच्या हातीं आयता पडतो. शिवाय चोरी झाली तरी मालकाजवळचें कांहींच कमी होत नाहीं. भांडें चोरीस गेलें तर फळीवरची जागा रिकामी दिसते. शब्दाची जागा रिकामी दिसत नाहीं.

हा दोष टाळण्याची वाट १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनीं दाखविली. त्यांच्या विचारांतून पुढें दोन किल्ल्यांची जोडी व्यवहारांत आली. एक खासगी, दुसरी जाहीर. खासगी किल्लीनें केलेली सही जाहीर किल्लीनें पडताळतां येते. परंतु जाहीर किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणें आजच्या संगणकांच्या आवांक्याबाहेरचें आहे. सुरक्षा-किल्ली म्हणजे ही खासगी किल्ली पोटांत जपणारी एक चिप. संगणक तिला दर वेळीं एक नवा आंकडा पाठवितो. मालकानें किल्लीवरच्या धातूच्या ठिकाणीं बोट लावलें, कीं चिप त्या आंकड्यावर सही करून ती परत धाडते. संगणक ती सही जाहीर किल्लीनें पडताळून पाहतो आणि दार उघडतो. या साऱ्या व्यवहारांत खासगी किल्ली बाहेर येत नाहीं. वाटेंत कोणी सही टिपून ठेवली, तरी पुढच्या वेळीं आंकडा निराळा असल्यानें ती निरुपयोगी ठरते. बोट लावण्याचें कारणही साधें आहे. दूर देशीं बसलेल्या चोरानें तारेवाटे संगणकांत शिरकाव केला, तरी त्याला किल्लीला स्पर्श करतां येत नाहीं.

महाराष्ट्रांतील व्यापारी आणि लेखापाल यांना हें तत्त्व अगदींच अपरिचित नाहीं. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें डिजिटल सहीला मान्यता दिली. कंपनीचीं विवरणपत्रें सरकारांत सादर करतांना जें यूएसबी टोकन संगणकाला लावतात, त्याच्याही पोटांत अशीच खासगी किल्ली असते. भेद इतकाच, कीं त्या टोकनांतील सही अमुक एका मनुष्याची आहे अशी ग्वाही परवाना मिळालेली संस्था देते. सुरक्षा-किल्लीला असा साक्षीदार लागत नाहीं. तिला मालकाचें नांवही ठाऊक नसतें. पूर्वीं नोंदविलेली किल्ली ती हीच, एवढेंच ती सिद्ध करते.

या किल्ल्यांची समान भाषा ठरविण्याचें काम फायडो या मंडळानें केलें. त्याचा यूटूएफ नांवाचा पहिला नियमसंग्रह २०१४ सालीं निघाला. त्यानंतर फायडो-२ ही अधिक व्यापक पद्धति आली. गूगल कंपनीनें २०१७ सालच्या आरंभापासून आपल्या नोकरवर्गाला ही किल्ली सक्तीची केली. आणि ८५,००० हून अधिक नोकरांपैकीं एकाच्याही कामाच्या खात्याचा ताबा फसवणुकीनें गेला नाहीं, असें तिनें २०१८ च्या जुलैंत सांगितलें.

आतां ही किल्ली घरच्या संगणकाच्या दाराला बसवावयाची कशी, हें पाहूं जातां लिनक्स प्रणालीचें उदाहरण सोयीचें आहे. कारण तेथें दाराची सर्व रचना उघड्या डोळ्यांनीं वाचतां येते. लिनक्समध्यें दारावरचा पहारा ‘पाम’ नांवाच्या व्यवस्थेकडे असतो. तिची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं मांडली. त्यापूर्वीं प्रत्येक दाराचा पहारेकरी आपल्यापुरता नियम पाळी. पामनें ते नियम एका जागीं आणले. कोणत्या दारावर कोणती तपासणी कोणत्या क्रमानें व्हावी, हें साध्या फायलींत एकेका ओळीनें लिहिलेलें असतें. किल्ली बसविणें म्हणजे त्या फायलींत एक ओळ वाढविणें.

त्याआधीं किल्लीची नोंद करावी लागते. ‘पाम-यूटूएफ’ हा भाग संगणकावर बसवून नोंदणीची आज्ञा दिली, कीं किल्लीवरचा दिवा लुकलुकूं लागतो. मालकानें बोट लावतांच त्याचें नांव, किल्लीचा संदर्भ आणि जाहीर किल्ली असा मजकूर पडद्यावर उमटतो. तो एका फायलींत सांठवावयाचा. या मजकुरांत लपविण्याजोगें फारसें कांहीं नसतें. मात्र त्यांत परक्यानें भर घालूं नये हें पाहावें लागतें, कारण स्वतःच्या किल्लीची ओळ त्यांत घुसडणारा मनुष्य आपोआप घरचा होऊन बसतो. येथें दोन खांचखळगे आहेत. ही नोंद, वेगळें कांहीं सांगितलें नसल्यास, संगणकाच्या नांवाशीं बांधलेली असते. पुढें कोणी हौसेनें संगणकाचें नांव बदललें, तर किल्ली तीच असूनही दार तिला ओळखीत नाहीं. दुसरें असें, कीं वापरणाराचें दप्तरच सांकेतिक कुलपांत ठेवलेलें असेल आणि नोंदीची फाईल त्या दप्तरांत असेल, तर दार उघडल्यावांचून फाईल वाचतां येत नाहीं आणि फाईल वाचल्यावांचून दार उघडत नाहीं. अशा वेळीं ती फाईल दप्तराबाहेर, सर्वाधिकाऱ्याच्या ताब्यांतील जागीं ठेवावी लागते.

पामच्या त्या एका ओळींत एक शब्द असा असतो, कीं सारा अर्थ त्याच्यावर अवलंबून राहतो. तेथें ‘सफिशंट’, म्हणजे पुरेसें, असा शब्द लिहिला आणि ती ओळ परवलीच्या शब्दाच्या तपासणीआधीं घातली, तर किल्ली लावतांच दार उघडतें. किल्ली नसेल तर पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. ‘रिक्वायर्ड’, म्हणजे आवश्यक, असा शब्द लिहिला तर किल्ली आणि परवलीचा शब्द हीं दोन्ही लागतात. बँकेच्या लॉकरला बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्या लागाव्या तसें. पहिल्या मांडणींत सोय आहे, परंतु परवलीचा शब्द चोरणाराला किल्लीची गरजच पडत नाहीं. पुष्कळ लोक मोलाची किल्ली विकत घेतात, पहिली मांडणी करतात आणि दार पूर्वींपेक्षां भक्कम झालें अशा समजुतींत स्वस्थ राहतात. वस्तुतः दार होतें तेवढेंच भक्कम राहतें. त्याला आंत येण्याची आणखी एक वाट तेवढी मिळते.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रांत मुलांनाही पाठ आहे. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले. तान्हें बाळ खालीं घरीं होतें. पहारेकऱ्यांनीं दरवाजा उघडला नाहीं, तेव्हां ती गवळण अंधारांत कड्यावरून उतरून घरीं पोंचली. शिवाजी महाराजांनीं तिच्या धैर्याचें कौतुक केलें आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. या कथेंत मातृप्रेमाची थोरवी आहे. त्याबरोबरच दुर्गरक्षणाचा एक धडाही आहे. जेथून एक स्त्री उतरूं शकते, तेथून शत्रूला चढतां येईल. दरवाजा कितीही भक्कम असो, उघडा कडा राहिला तर गडाचें बळ त्या कड्याएवढेंच.

संगणकाच्या किल्लीलाही असे कडे असतात. ज्याची किल्ली नोंदलेलीच नाहीं त्याला न अडवितां पुढें जाऊं द्यावें, अशी एक सवलत पाम-यूटूएफमध्यें देतां येते. बसवाबसवीच्या दिवसांत ती उपयोगी पडते. ती तशीच राहून गेली तर तोच कडा. २०२५ च्या जानेवारींत त्या भागांत एक चूक उघड झाली. कांहीं अडचणीच्या प्रसंगीं तो नकार देण्याऐवजीं तपासणीकडे दुर्लक्ष करा असें उत्तर देत असे. ती चूक १.३.१ या आवृत्तींत दुरुस्त झाली. संगणकाच्या तबकडीवरील मजकूर सांकेतिक कुलपांत ठेवलेला नसेल, तर तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला लावणाराला दाराशीं येण्याचेंही कारण उरत नाहीं. हें कुलूपही त्याच किल्लीनें उघडण्याची सोय लिनक्समध्यें २०२१ पासून सिस्टिमडीच्या २४८ व्या आवृत्तीबरोबर आली आहे.

खुद्द किल्लीही अभेद्य नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत निंजालॅब या संस्थेच्या संशोधकानें इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधील एक दोष प्रसिद्ध केला. युबिकी-५ च्या ५.७ पूर्वींच्या किल्ल्यांना तो लागू होता. अशा किल्लीची आंतली आज्ञावली बदलतां येत नसल्यानें दोष किल्लीबरोबरच राहतो. तथापि त्याचा फायदा घेण्यास किल्ली हातीं लागावी लागते, ती फोडावी लागते आणि महागडीं उपकरणें लागतात. किल्लीला पिनची जोड दिली तर सांपडलेल्या किल्लीचा उपयोग करणें आणखी अवघड होतें. फायडो-२ च्या नियमाप्रमाणें ओळीनें आठ वेळां पिन चुकली कीं ती किल्ली बंद पडते.

कडे बंद करतां करतां मालकानें स्वतःच्या बाळाला मात्र विसरूं नये. किल्ली एक दिवस हरवणारच, असें धरून मांडणी करावी. म्हणून आरंभींच दोन किल्ल्या घेऊन दोहोंचीही नोंद करावी. एक किल्ली जवळ बाळगावी, दुसरी दुसऱ्या जागीं, कपाटांत बंद ठेवावी. एकीची नक्कल करून दुसरी बनवितां येत नाहीं. तीच तर तिची शक्ति. नवी ओळ लिहितांना सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें उघडलेली एक खिडकी चालू ठेवावी आणि दुसऱ्या खिडकींतून पाहावें. पहिला प्रयोग मुख्य दारावर न करतां ‘सुडो’सारख्या आंतल्या दारावर करावा. किल्ली लावून दार उघडतें हें पाहावें. आणि किल्ली काढून घेतल्यावर तें खरोखर बंद राहतें हेंही पाहावें. पुष्कळांची परीक्षा पहिल्या प्रयोगावरच संपते, आणि उघडा कडा दुसऱ्या प्रयोगांतच दिसावयाचा असतो. ही परीक्षा दोन्ही किल्ल्यांनीं पुरी झाली, म्हणजे मगच ती उघडी खिडकी मिटावी.

घराबाहेर पडणारा मनुष्य कुलूप ओढून पाहतो आणि मग खिसा चांचपतो. कोणत्याही शास्त्रग्रंथावांचून तो दोन्ही परीक्षा करीत असतो. संगणकाच्या दाराशीं तेवढी शिस्त पाळली, तर किल्ली आपलें काम चोख करील.